सीट खोलून बघितली: कंबरदुखीच्या कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, बेळगाव

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. माझं काम शेतीपंप विकायचं आणि दुरुस्त करायचं, म्हणून निपाणी लाईन कायमची, शिवाय खानापूर-नंदगड, आणि अधूनमधून जांबोटीवरून वर कणकुंबीकडं. कंबर धरते ती उजव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा खाली. गाडीतून उतरलो की पहिली चार पावलं वाकूनच पडतात.

दुखणं दहापैकी किती, असा आकडा मला कधी देता आला नाही. त्यापेक्षा ते कुठल्या गावाला सुरू झालं ते लिहीत जाईन. बेळगावहून निपाणीला जाताना क्रम असा: काकती, वंटमुरी घाट, यमकनमर्डी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी. दुखणं जेवढं उशिरा, तेवढं बरं. आज वंटमुरी घाट. म्हणजे काकती मागं टाकून जेमतेम थोडं पुढं आलो होतो.

आजवर झालेला खर्च आधी मांडतो. जाळीचा कमरेचा टेकू, ३५० रुपये. याचा इलॅस्टिक पट्टा दोन खड्ड्यांत खाली सरकतो आणि टेकू माकडहाडाला टोचायला लागतो. लाकडी मण्यांची बैठक, ४०० रुपये. उन्हाळ्यात गार वाटते, पण टेक मिळत नाही आणि ब्रेक मारला की माणूस पुढं घसरतो. मागं खाच असलेली मेमरी फोमची उशी, १,४५० रुपये. हिच्यावर भारी भरवसा होता. हिनं मी चांगला दोन इंच वर गेलो, गुडघे स्टेअरिंगला घासायला लागले, डोक्यामागचा टेक मानेवर आला आणि पोटाखालचा बेल्ट कंबरेच्या हाडावरून सरकून पोटावर चढला. बेल्ट हाडावरच बसला पाहिजे. अपघातात मऊ पोटावर ताण आला तर आतल्या अवयवांना इजा होते. उशी घरी ऑफिसच्या खुर्चीवर टाकली, तिथं ती बरी आहे.

१४ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवलं. पाय वर उचलून बघितला, तळव्याला गुदगुल्या केल्यासारखं करून संवेदना तपासली. गुडघ्याखाली कळ जात नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, म्हणून लगेच एमआरआय नको म्हणाल्या. यातलं काही असेल, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर पुढच्या नोंदी वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न कामाचा निघाला: उतरल्यावर पहिलं काय करता? मी डिकीतून मोटर काढतो. एक एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच धडात, तीही वाकून, डिकीच्या उंच कडेवरून बाहेर ओढून. त्या म्हणाल्या, तासभर कंबर बाकदार करून बसल्यावर पाठीचे बंध सैल पडलेले असतात, त्याच घटकेला वजन उचलू नका. पाच मिनिटं चाला, चहा घ्या, मग मोटर काढा. आणि दर तासाभरानं गाडी थांबवून उतरा. खिशातलं पाकीटही काढायला लावलं. माझं उजव्या मागच्या खिशात असतं, बिलं भरून जाडजूड. आता ते दरवाज्याच्या कप्प्यात.

१८ फेब्रुवारी

सीटला हात लावण्याआधी टायर बघितले. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेच्या दाबाचं स्टिकर आहे, त्यावर ३३. गेजनं बघितलं तर पुढं ४०, मागं ४२. पंपावरची पोरं सरसकट चाळीस मारतात, टायर टणक दिसला की गिऱ्हाईक खूश. मूवत्मूरु हाक्री, म्हणजे तेहतीस मारा, असं कन्नडमध्ये सांगून उभा राहिलो तेव्हा कुठं ३३ भरली. तेही गाडी गार असताना घराजवळच्या पंपावर. लांबून आल्यावर तापलेल्या टायरचा आकडा वाढलेलाच असतो, तो बघून हवा सोडू नका.

खर्च शून्य. रस्त्याच्या जोडावरचे धक्के मऊ झाले. दुखणं तरी यमकनमर्डीलाच सुरू.

२५ फेब्रुवारी

रविवार, सगळी सकाळ बसायच्या पद्धतीत गेली.

आधी सीट पुढं-मागं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. माझा पाय सरळ ताठ होत होता, म्हणजे दर गिअरला मी कंबरेतून पाय ढकलत होतो. दोन खाचा पुढं घेतली. मग पाठ. मी आरामखुर्चीगत मागं पडून चालवत होतो, त्यामुळं मान आणि खांदे पुढं. काटकोनापेक्षा जरा जास्त, एवढीच मागं ठेवली. खांदे टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं की अंतर बरोबर. मात्र छाती आणि स्टेअरिंगमध्ये वीतभराहून जास्त, निदान २५ सेंटिमीटर जागा राहू द्या, एअरबॅग फुटते ती जोरात.

नंतर टॉवेल. अंघोळीचा साधा टॉवेल गुंडाळून, दोन ठिकाणी सुतळी बांधून, डोक्याच्या टेकाला दोरीनं लटकवला. दोरी कमी-जास्त करून तो बरोबर पँटच्या पट्ट्याच्या उंचीला आणला. गुंडाळी घट्ट केली की जाड, सैल केली की बारीक, त्यामुळं आपल्याला किती टेकू लागतो ते विकत घेण्याआधी कळतं. मला मनगटाच्या जाडीपेक्षा कमीच पुरला. ज्याला टेकू घ्यायचाय त्यानं आठवडाभर टॉवेलवर चालवावं आणि मगच दुकानात जावं.

दुखणं संकेश्वरला. मोठी मजल. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना: टॉवेल मध्यावर बांधूनही निपाणीत उतरताना तो माझ्या डाव्या बाजूला सरकलेला असायचा. टॉवेल तिथंच होता, मी उजवीकडं कलत होतो.

३ मार्च

रिकामी सीट नुसती बघून सपाटच दिसते. म्हणून बसायच्या जागी आडवी फळी ठेवली, तिच्यावर मधोमध तांदळाची दोन पोती चढवली, प्रत्येकी २५ किलो, आणि शेजारच्या गवंड्याची लेव्हलपट्टी वर धरली. गाडी आधी सपाट फरशीवर उभी करून फरशीची लेव्हल तपासून घेतली होती, नाहीतर या मापाला अर्थ नाही. पट्टीतला बुडबुडा पार डाव्या टोकाला. उजवी बाजू फळीच्या टोकाला दोन बोटं खाली.

कारण दाराजवळ उभं राहून बसा-उठायची नक्कल केल्यावर लक्षात आलं. आपल्या गाडीत ड्रायव्हर उजव्या दारानं शिरतो. प्रत्येक वेळी सगळं अंग आधी सीटच्या उजव्या कडेवर आदळतं, उतरताना पुन्हा त्याच कडेवरून घसरतं. दहा वर्षं दिवसातून कितीतरी वेळा. म्हणजे वर काहीही ठेवलं तरी ते या उतारावरच बसणार होतं, मेमरी फोमसुद्धा.

१० मार्च

सीट काढली. चार बोल्ट, १४ नंबरचा सॉकेट. सीट पूर्ण पुढं घेऊन मागचे दोन सोडवले, मग मागं घेऊन पुढचे दोन. डोक्याचा टेक आधी काढून ठेवा, दारातून बाहेर काढताना अडतो. सीटखाली बेल्टच्या बकलची वायर असते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवून मगच तिचा कनेक्टर काढला.

हे काम माझ्या गाडीत घरी करता आलं, कारण तिच्या सीटमध्ये एअरबॅग नाही. पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग लिहिलेली चिठ्ठी शिवलेली असेल किंवा खाली पिवळा कनेक्टर दिसला, तर सीट घरी खोलू नका. तसल्या सीटवर सरसकट कव्हरही चढवू नका, त्या बाजूची शिलाई उसवूनच एअरबॅग बाहेर येते.

उलटी करून ओट्यावर ठेवली. बैठकीच्या चौकटीत पुढून मागं जाणाऱ्या चार नागमोडी स्प्रिंगा. उजव्या कडेच्या स्प्रिंगचं मागचं टोक आकड्याजवळ तुटून लोंबत होतं. शेजारची ताणून लांब झालेली. स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये गोणपाट असायला हवं, ते कुजून चिंध्या झालेलं, आणि तारेनं फोम खालून कापत आणला होता. बोट लावलं तर रव्यासारखी पिवळी भुकटी हातावर सांडली. रेलच्या खोबणीत ११ रुपयांची नाणी, एक बांगडीचा तुकडा आणि माझं हरवलेलं टेस्टर सापडलं.

सीट रिक्षात घालून खडेबाजाराजवळच्या कुशनवाल्या मामांकडं नेली. ते बघून हसले. "वरनं गाद्या घालून काय उपयोग वो? घर खालनं पडालंय."

१३ मार्च

मामांच्या पोरानं तुटलेलं टोक शेजारच्या वेल्डरकडून जोडून आणलं. "काय होत नाही बघा." १०० रुपये. तात्पुरता फोमचा तुकडा आणि नवं गोणपाट घालून सीट बसवली. लेव्हल बरोबर आली.

२२ मार्च

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, खड्ड्यात टक् असा आवाज आला आणि उजवी बाजू खाली गेली. स्प्रिंग वेल्डच्या शेजारीच तुटली, वेल्ड तसाच शाबूत. उद्यमबागेत फौंड्रीत असणाऱ्या मेव्हण्यांना फोटो पाठवला. त्यांचं म्हणणं, स्प्रिंगच्या पोलादात कार्बन जास्त. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाच्या कडेला ते ठिसूळ होतं आणि हिसक्याला काचेगत तुटतं. पुन्हा वेल्डिंग नको. नवी तारच टाका.

परतीची वाट खिडकीकडच्या ढुंगणाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून काढली. त्या दिवशीचं दुखणं गावावरून लिहिण्यात अर्थ नाही.

२८ मार्च

गाडीची जुळणारी स्प्रिंग सुटी मिळत नाही, चौकटीसकट घ्या म्हणतात, आणि ती किंमत ऐकून परत आलो. सोफा बनवणाऱ्याकडं नागमोडी स्प्रिंगचं वेटोळं असतं, त्यातून लांबीप्रमाणं कापून देतात. जुन्या तारेची जाडी व्हर्नियरनं मोजली, ३.८ मिमी, त्याच जाडीची मिळाली. दोन तुकडे, १२० रुपये. टोकं वाकवताना तापवू नका, शिकंज्यात धरून गारच वाकवा. आकड्यात प्लास्टिकची जुनी खापं राहिली होती ती परत घातली, नाहीतर तार लोखंडावर कुरकुरते.

चारपैकी उजव्या दोन बदलल्या. खरं म्हणजे चारही बदलायला हव्या होत्या, कारण नवी तार जुनीपेक्षा कडक आणि आता सीट किंचित डावीकडं झुकली. दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेल्या दोनही घेतल्या. दुकानदार म्हणाला, "कालच सांगायचं की."

३१ मार्च

फोम. दुकानात दाबून बघितला, हाताला छान मऊ, ३२ डेन्सिटी. २५० रुपये. मामांनी जुन्या फोमचा मागचा कुजका भाग कापून तेवढाच तुकडा सोल्यूशननं चिकटवला. कव्हर बसवताना जुन्या रिंगा कापून नव्या मारल्या. त्यासाठी त्यांच्याकडं तोंड वळलेली पक्कड असते, घरच्या पकडीनं ते होत नाही, मी बघितलं करून.

लेव्हल सरळ. दुखणं तवंदी घाटात, म्हणजे निपाणी आता दिसायला लागली.

७ एप्रिल

माझ्या मांड्या सीटच्या पुढच्या भागावर नीट टेकत नाहीत, सगळा भार बुडावर येतो. या गाडीत बैठकीचा उतार बदलायची सोय नाही. म्हणून सीटच्या पुढच्या दोन बोल्टांखाली घालायला १० मिमी जाडीच्या चकत्या उद्यमबागेत लेथवर करून घेतल्या. ८० रुपये, सुरेख काम.

बसवल्या नाहीत. मेव्हण्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. चकती घातली की बोल्टाचे तेवढेच आटे कमी धरतात, म्हणजे त्याच ग्रेडचा लांब बोल्ट हवा. आणि माझ्या गाडीत बेल्टचं बकल सीटच्या चौकटीलाच जोडलेलं आहे, जमिनीला नाही. म्हणजे धडक झाली तर माझ्या अंगाचा हिसका या चार बोल्टांवरच येणार. कंबर जपायला तिथं हात घालायचा नाही. चकत्या दुकानात पेपरवेट म्हणून आहेत. उतार द्यायचा तर फोममध्ये द्यायचा.

२१ एप्रिल

३२ डेन्सिटीचा फोम दबला. तांदळाच्या पोत्यांची परीक्षा पुन्हा घेतली, मागची बाजू बोटभर खाली. दुखणं परत संकेश्वरला.

हे मामांनी नीट समजावलं. दुकानात आपण अंगठ्यानं दाबून कडकपणा बघतो, तो वेगळा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. ती जेवढी जास्त तेवढा फोम टिकतो, दबून बसत नाही. मऊ पण जड फोम मिळतो, तसाच कडक पण हलका, लवकर बसणाराही मिळतो. गाडीच्या सीटला ४० च्या खाली जाऊ नका.

मे महिना

काम ठप्प. आधी ७ तारखेचं लोकसभेचं मतदान, मग वैशाखातली शिवजयंती. मामांकडची सगळी पोरं गल्लीतल्या चित्ररथावर. दुकानात माझ्या फोमच्या जागी घोड्याचं धड. चौकशीला गेलो तर ब्रश हातात देऊन मलाच रंगवायला बसवलं. बेळगावात या दिवसांत कुणाकडं काम टाकायचं असेल तर मिरवणूक होऊन पोरांची झोप होईपर्यंत थांबायचं.

तोवर टॉवेल आणि दर तासाला चहा.

१९ मे

शेवटची जुळणी. खाली गोणपाट, त्यावर २५ मिमी रिबॉन्डेड, म्हणजे फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला जड थर, आणि वर ५० मिमीचा ४० डेन्सिटीचा लवचीक फोम. नुसतं रिबॉन्डेड घालून आधी गल्लीत एक चक्कर मारली होती. अजिबात दबत नाही, पण रस्त्याची थरथर थेट मणक्यात येते आणि बूड बधिर होतं. दोन्ही मिळून बरं. स्प्रिंग पुन्हा फोमला कापत नाही, कारण ती जड थराला टेकते.

पुढच्या कडेला आतूनच पाचरीसारखा फोम, पुढं २० मिमी, मागं निमुळता होत शून्य. मामांनी धार लावलेल्या हॅक्सॉ ब्लेडनं एका दमात कापला, आधी फोमवर पाण्याचा हात फिरवून. पाचर गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत आणू नका. सीटची कड आणि पोटरी यांमध्ये दोन-तीन बोटं मोकळी हवीत, नाहीतर पायाला मुंग्या.

कमरेचा टेकू पाठीच्या कव्हरच्या आत नाही घातला. बायको पण गाडी चालवते, तिची उंची माझ्यापेक्षा बरीच कमी आणि तिला तो बरगडीत लागतो. म्हणून टॉवेलच्या मापाची रेग्झिनची छोटी गुंडाळी, आत फोम, वर दोन पट्टे, वर-खाली सरकवता येणारी. मामांनी शिलाई धरून ९० रुपये घेतले.

बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. पाना मेव्हण्यांचा. आधी चारही हातानं बसवून, मग आवळा. एक घट्ट करून दुसरा घालायला गेलात तर रेल तिरका बसतो आणि सीट सरकताना अडते.

२ जून

सगळा हिशेब केला. कामाला आलेलं: चार स्प्रिंगा २४०, गोणपाट ४०, रिबॉन्डेड आणि ४० डेन्सिटी मिळून ७८०, टेकूची गुंडाळी ९०, मामांची मजुरी ९००, रिक्षा २००. एकूण २,२५० रुपये. वाया गेलेलं: जाळीचा टेकू, मणी, उशी, वेल्डिंग, ३२ चा फोम, चकत्या मिळून २,६३०. यात फिजिओथेरपीची फी नाही. ती कुठल्या रकान्यात घालायची असेल तर वरच्या.

वेळेचं विचारू नका. सलग केलं असतं तर शनिवार-रविवारात होणारं काम शिमग्याच्या आधीपासून मृगापर्यंत लांबलं.

१६ जून

पाऊस. निपाणीपर्यंत दुखलं नाही. त्याच्या पुढं कोगनोळीला जरा जडपणा जाणवला, खाली उतरून फिरल्यावर गेला. मोटर चहा घेऊन मग काढली, शेतकऱ्याच्या पोराला दुसऱ्या बाजूनं धरायला लावून.

जांबोटी रस्त्याला मात्र अजून बरं म्हणवत नाही. मागचा डावा कोपरा हातानं दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, ती दोन-तीनदा हलते. शॉक ॲब्जॉर्बर गेलाय. जोडीनंच बदलायचे, मेकॅनिकनं पार्ट मागवलाय. तो सीटचा विषय नाही, पण कंबरेचा आहेच.

काल बायकोनं डावी सीट दाखवली, म्हणे हिच्यावर बसून माझी मान दुखते. फळी आणि तांदळाची पोती बाहेर काढून ठेवलीत, लेव्हलपट्टी गवंडी गणेशोत्सवापर्यंत देणार नाही म्हणतोय. त्याचं घराचं काम चालू आहे.